बाप, मुलगा आणि घराण्याचं घड्याळ : ‘उडान’च्या निमित्ताने

इतिहासाच्या मालिकेत हा माणूस सिनेमा कशाला घेऊन बसला, असं काहींना वाटेल. किल्ले, तह, मोहिमा हे सगळं आपण पुढेही पाहणार आहोतच. पण घराच्या चार भिंतींत चालणाऱ्या सत्तेलाही इतिहास असतो, आणि तो कुठल्याही दफ्तरात सापडत नाही. कधीकधी तो एखाद्या सिनेमात सापडतो. माझ्या मते तो ‘उडान’मध्ये सापडतो.

‘उडान’ 16 जुलै 2010 रोजी प्रदर्शित झाला. विक्रमादित्य मोटवाने यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. थोडक्या पैशात केलेला, एकही स्टार नसलेला. मुलाचं काम करणारा रजत बरमेचा नवखा होता. बापाची भूमिका रोनित रॉय यांनी केली आणि काकाची राम कपूर यांनी. हे दोघं तोवर घराघरात ओळखीचे होते ते टीव्हीवरच्या मालिकांमुळे. त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवाच्या अधिकृत विभागात हा चित्रपट दाखवला गेला. असा मान कित्येक वर्षांनी एखाद्या भारतीय चित्रपटाला मिळाला होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सतरा वर्षांचा रोहन शिमल्याच्या निवासी शाळेतून मित्रांबरोबर रात्री सिनेमा पाहायला पळतो, पकडला जातो आणि शाळेतून काढला जातो. आठ वर्षांत एकदाही भेटायला न आलेल्या बापाकडे, भैरवसिंगकडे, तो जमशेदपूरला परततो. घरी अर्जुन नावाचा सहा वर्षांचा सावत्र भाऊ आहे, ज्याचा रोहनला पत्ताच नव्हता. बापाचे नियम ठरलेले: पहाटे पळायचं, अर्धा दिवस कारखान्यात काम, उरलेल्या वेळात इंजिनिअरिंग कॉलेज, आणि बापाला हाक मारायची ती ‘सर’ अशी. रोहनला कविता लिहायच्या आहेत. यापुढे काय होतं ते ओघात येईलच.

आता जमशेदपूरविषयी. गोष्ट या गावात घडते हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हे गाव म्हणजे एका बापाने मुलाला दिलेल्या कामाचं फळ आहे. जमशेटजी टाटांनी 1902 मध्ये परदेशातून दोराबजींना पत्र लिहिलं. अजून जागासुद्धा ठरलेली नव्हती. तरी पत्रात रुंद रस्ते होते, दुतर्फा सावलीची झाडं होती, मोकळी मैदानं, फुटबॉल-हॉकीसाठी जागा, मंदिर-मशीद-चर्चसाठी जागा होती. 1904 मध्ये जमशेटजी गेले. 1907 मध्ये कंपनी उभी राहिली, सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळचं साकची हे गाव निवडलं गेलं, आणि 1912 मध्ये तिथे पोलाद तयार झालं. कामाचा दिवस आठ तासांचा ठेवला गेला तोही त्याच वर्षी, कायद्याने भाग पाडण्याच्या पुष्कळ आधी. 1919 मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्डने साकचीला जमशेटजींचं नाव दिलं.

म्हणजे बापाने स्वप्न पाहिलं आणि मुलाने ते पुरं केलं. भारतीय घरांना ही गोष्ट फार आवडते. कारखाना, दुकान, वकिली, दवाखाना, शेती, आणि हो, सैन्यातली वर्दीसुद्धा, बापाकडून मुलाकडे गेली की आपण कौतुकाने मान डोलावतो. पण त्या पत्रात काय होतं ते पाहा. झाडं, सावली, खेळायला मैदान. बाप मुलाला सांगत होता की तिथे राहायला येणाऱ्या माणसांना सुख होईल असं गाव बांध. शंभर वर्षांनंतर त्याच गावात भैरवसिंग आपल्या मुलाला सांगतो, मी सांगतो तसा हो. दोन्ही इच्छा बापांच्याच आहेत. एकीत मुलाच्या हाती काम आहे, दुसरीत मुलगा हाच कच्चा माल आहे.

भैरवसिंग हा काही राक्षस नाही, आणि इथेच हा चित्रपट मोठा होतो. त्याच्या बापाने त्याला असंच वाढवलं. बापापुढे मान वर करायची नाही, उलट बोलायचं नाही, हे तो अभिमानाने सांगतो. मार खाऊनच आपण माणूस झालो, असं त्याला मनापासून वाटतं.

ही साखळी इतिहासात एका घराण्यात फार स्पष्ट दिसते. ‘मुघल-ए-आझम’ आपण सगळ्यांनी पाहिला आहे, 1960 चा. पृथ्वीराज कपूर अकबर, दिलीपकुमार सलीम. सिनेमात भांडण अनारकलीवरून आहे, इतिहासात ते तख्तावरून होतं. 1600 च्या सुमारास सलीमने अलाहाबादला आपला वेगळा दरबार मांडला. 1602 मध्ये बापाचा जिवलग अबुल फजल त्याच्याच इशाऱ्यावरून मारला गेला. पुढे हाच सलीम जहांगीर म्हणून तख्तावर बसला आणि वर्षभरात, 1606 मध्ये, त्याचा मुलगा खुस्रो त्याच्याविरुद्ध उठला. स्वतः बंड केलेल्या बापाने काय करावं? त्याने मुलाच्या साथीदारांना हालहाल करून मारलं आणि नंतर मुलाचे डोळे फोडवले. 1622 मध्ये दुसरा मुलगा खुर्रम उठला. तोच पुढे शाहजहान झाला आणि 1658 मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात औरंगजेबाचा कैदी झाला. आणि औरंगजेबाचा मुलगा अकबर 1681 मध्ये बापाविरुद्ध उठून आश्रयाला कुठे आला? आपल्याकडे, छत्रपती संभाजी महाराजांकडे. शेवटी तो इराणला गेला आणि तिथेच मेला.

या सगळ्या पोरांनी बंड केलं, पण प्रत्येकाला बापाचीच जागा हवी होती. म्हणून जो जिंकला तो बापासारखाच झाला.

आपल्या हिंदी सिनेमानेही हा पेच पुष्कळदा मांडला. ‘आवारा’त (1951) न्यायाधीश बाप आणि आरोपी मुलगा, पडद्यावर पृथ्वीराज आणि राज कपूर, म्हणजे खरेच बाप-लेक. ‘शक्ती’त (1982) पोलीस अधिकारी बाप शेवटी मुलावर गोळी झाडतो आणि मुलगा त्याच्याच हातात प्राण सोडतो. ‘देवदास’ तर आणखी वेगळा. तो बापापुढे उभाच राहत नाही, स्वतःला दारूत संपवतो. मुलगा मरतो, माफी मागतो, नाहीतर बापाचं मन वळवतो. बाप जागचा हलत नाही. गंमत म्हणजे मोटवाने हे 2002 च्या ‘देवदास’वर संजय लीला भन्साळींचे सहाय्यक होते. त्या झुंबरांच्या हवेल्यांतून बाहेर पडून त्यांनी जमशेदपूरमधलं एक साधं घर निवडलं.

आम्हा मराठी माणसांचं याबाबतीत एक वेगळंच आहे. आमच्याकडे आई मोठी. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, मराठी घरात हे पुस्तक असतंच. त्यात पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, तो प्रसंग आठवा. मारते खरी, पण नंतर ते वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात, आणि का मारलं तेही ती सांगते. मारण्याचं समर्थन मी करत नाही, तो काळ वेगळा होता. पण त्या घरात मार दिल्यावर बोलणं होतं. भैरवसिंगच्या घरात मार दिल्यावर खोटं असतं. अर्जुनच्या शाळेतून तक्रार येते, धंद्यातलं काम फिसकटतं, आणि बाप त्या सहा वर्षांच्या पोराला पट्ट्याने इतकं मारतो की त्याला दवाखान्यात ठेवावं लागतं. रोहनला सांगितलं जातं की तो जिन्यावरून पडला.

बापाविषयी आमच्याकडे बोललं गेलं ते नाटकात. अजित दळवींचं ‘गांधी विरुद्ध गांधी’ अनेकांनी पाहिलं असेल, अतुल कुलकर्णींनी त्यात गांधीजी उभे केले होते. साऱ्या देशाचा बापू झालेल्या माणसाला थोरला मुलगा हरिलाल आपला करता आला नाही, ही ती गोष्ट. त्याच विषयावर 2007 मध्ये ‘गांधी, माय फादर’ हा हिंदी चित्रपटही आला. महात्म्याच्या घरातही हा प्रश्न सुटला नव्हता, हे लक्षात असू द्या.

आता माझ्या क्षेत्राबद्दल थोडं बोलतो, कारण भैरवसिंगला पाहून अनेक जण म्हणतात, “घरात अगदी मिलिटरी शिस्त!” हे वाक्य मी निवृत्तीनंतर इतक्या लग्नांत आणि बारशांत ऐकलं आहे की आता मोजणं सोडलं. पट्ट्याने मारणाऱ्या बापाला लोक कौतुकाने मिलिटरी म्हणतात, आणि माझ्याकडे पाहून हसतात, जणू मी होकार देणार.

डेहराडूनच्या अकादमीत 10 डिसेंबर 1932 रोजी फील्ड मार्शल चेटवुड यांनी जे सांगितलं ते आजही प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असतं. आधी देशाची सुरक्षा आणि सन्मान, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, हित आणि सुखसोय, आणि तुमची स्वतःची सोय सगळ्यात शेवटी, प्रत्येक वेळी. याचा रोजचा अर्थ अगदी साधा असतो. जवान जेवले की नाही ते पाहून मग अधिकारी जेवतो. बावीस वर्षांचा लेफ्टनंट आपल्या बापाच्या वयाच्या सुभेदाराला ‘साहब’ म्हणतो आणि सुभेदार त्याला ‘साहब’ म्हणतो. मान दोन्हीकडून असतो. पहाटेच्या पळण्यात अधिकारी मागे राहिलेल्याबरोबर पळतो, त्याला ओढून आणतो. भैरवसिंग मुलाबरोबर पळतो तो त्याला हरवण्यासाठी. पन्नाशीकडे झुकलेला माणूस सतरा वर्षांच्या पोराला रोज हरवून खूश होतो! असा माणूस माझ्या युनिटमध्ये असता तर त्याला एक तुकडीसुद्धा सोपवली नसती. हुकूम देण्याचा हक्क त्याने घेतला आहे, हाताखालच्यांची जबाबदारी घेतलेली नाही. याला शिस्त म्हणत नाहीत, हा नुसता दरारा आहे.

निवासी शाळांनाही या हिशोबात धरायला हवं. शिमल्यात बिशप कॉटन शाळा 1859 मध्ये सुरू झाली. ज्यांच्या नावाने ती आहे ते जॉर्ज कॉटन इंग्लंडच्या रग्बी शाळेत थॉमस अर्नोल्ड यांच्या हाताखाली शिकवत असत. मुलगा घरापासून दूर कडक वातावरणात घडतो ही कल्पना तिथून आपल्याकडे आली आणि रुजली. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये आपल्या साताऱ्यात निघाली आणि तिने उत्तम अधिकारी दिले, त्यांतल्या काहींबरोबर मी काम केलं आहे. पण मुलगा शाळेला सोपवला म्हणजे बापाचं काम संपलं, असं मानणारेही पुष्कळ निघाले. आठ वर्षं न भेटणारा भैरवसिंग त्यांतलाच.

आणखी एक तारीख. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला, म्हणजे ‘उडान’ येण्याआधी साडेतीन महिने. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना मारण्यावर बंदी आली. ती शाळेपुरतीच. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं आढळलं होतं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते. मास्तरांच्या हातून छडी गेली, पण खुंटीवरचा पट्टा तिथेच राहिला.

दवाखान्यात रोहन अर्जुनच्या खाटेशेजारी बसून त्याला गोष्टी सांगतो आणि हळूहळू आजूबाजूचे रुग्ण, नर्सही ऐकायला जमतात. चित्रपटातला माझा सर्वांत आवडता भाग तो. तिथे पहिल्यांदा कळतं की या पोराच्या कविता कशासाठी आहेत. पुढे बाप त्या कवितांची वही जाळतो. नंतर एक पाठलाग होतो. रोज पहाटे पळवलेला मुलगा या वेळी बापाला मागे टाकतो. बापाने कमावून दिलेले पायच त्याला बापापासून दूर नेतात.

पण तो तसाच निघून गेला असता तर ‘उडान’ हा घरातून पळालेल्या पोराचा आणखी एक सिनेमा झाला असता. रोहन सकाळी परत येतो. घराण्याचं जे घड्याळ बापाने त्याला मोठ्या मानाने दिलं होतं ते चिठ्ठीबरोबर ठेवतो, आणि अर्जुनला घेऊन जातो. सलीमला तख्त हवं होतं, खुर्रमला हवं होतं, औरंगजेबाला हवं होतं. या पोराला घड्याळसुद्धा नको आहे. त्याला धाकटा भाऊ हवा आहे.

माझी एक तक्रार मात्र आहे. या घरातल्या बायकांना चित्रपटात जवळजवळ जागाच नाही. रोहनची आई गेलेली, अर्जुनची आई घर सोडून गेलेली, तिसरी येऊ घातलेली. त्या बोलल्या असत्या तर भैरवसिंग आणखी नीट दिसला असता. आणि माझ्यातला जुना ॲडज्युटंट विचारतोच, की अठरा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या पोराला मुंबईत कसा सांभाळणार? कायद्याने अर्जुनचा नैसर्गिक पालक बापच. त्याने पोलिसांत तक्रार दिली असती तर रोहनवर अपहरणाचा गुन्हा लागू शकला असता. पडद्यावर यातलं काहीच येत नाही. दोघं भाऊ रस्त्याने चालत जातात, थोरल्याच्या पाठीवर सामान, आणि धाकट्याला अजून नीट कळलेलं नाही की आपण कुठे निघालो आहोत.