हबल आलेख

हबल आलेख : दीर्घिकांची पृथ्वीपासूनची अंतरे व त्यांचे दूर जाण्याचे वेग यांमधील संबंध दर्शविणारी आकृती. आडव्या अक्षावर अंतर व उभ्या अक्षावर वेग घेऊन प्रत्येक दीर्घिकेसाठी एक बिंदू मांडला असता हे बिंदू स्थूलमानाने एका सरळ रेषेभोवती येतात. या रेषेच्या चढास हबल स्थिरांक म्हणतात. विश्व प्रसरण पावत आहे, या कल्पनेला निरीक्षणांचा पहिला भक्कम आधार या आकृतीने मिळवून दिला. विश्वाच्या वयाविषयीचे वादही याच आकृतीतून उद्भवले.

पूर्वपीठिका : या आकृतीच्या मुळाशी आणखी एक आलेख आहे. अमेरिकेतील हार्व्हर्ड वेधशाळेत छायाचित्रण काचांवरून ताऱ्यांच्या प्रती मोजण्याचे काम करणाऱ्या हेन्रिएटा स्वॉन लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लहान मॅगेलनी मेघातील २५ चल ताऱ्यांच्या प्रती त्यांच्या आवर्तकालांच्या लॉगरिथमांपुढे मांडल्या, तेव्हा बिंदू सरळ रेषेत आले. हे सर्व तारे पृथ्वीपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने त्यांच्या भासमान तेजस्वितेतील फरक हा मूळ तेजस्वितेतील फरकच होता. म्हणजे अशा (सेफीड) ताऱ्याचा आवर्तकाल मोजला की, त्याची मूळ दीप्ती व तीवरून त्याचे अंतर काढता येऊ लागले. एडविन पॉवेल हबल यांनी मौंट विल्सन वेधशाळेच्या २५४ सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकाने १९२३ मध्ये देवयानी अभ्रिकेत असा तारा शोधला आणि ती अभ्रिका आकाशगंगेच्या पलीकडची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे निश्चित झाले.

वेगांचे मापन त्याआधीच सुरू झाले होते. ॲरिझोनातील लोएल वेधशाळेत व्हेस्टो मेल्व्हिन स्लायफर यांनी १९१२ पासून सर्पिल अभ्रिकांचे वर्णपट घेतले. १९१७ पर्यंत त्यांनी मोजलेल्या २५ अभ्रिकांपैकी २१ अभ्रिकांच्या वर्णपटरेषा तांबड्या बाजूस सरकलेल्या, म्हणजे त्या अभ्रिका दूर जात असलेल्या आढळल्या. बेल्जियममधील झॉर्झ लमेत्र यांनी १९२७ मध्ये सापेक्षता सिद्धांताच्या समीकरणांवरून वेग व अंतर यांचे प्रमाण काढले होते. तथापि त्यांचा फ्रेंच भाषेतील निबंध फारसा वाचला गेला नाही.

१९२९ ची आकृती : हबल यांच्या १९२९ च्या निबंधातील आकृतीत २४ दीर्घिकांचे बिंदू असून सर्वांत मोठे अंतर सु. २० लक्ष पार्सेक (सु. ६५ लक्ष प्रकाशवर्षे) होते. बिंदू बरेच विखुरलेले होते. त्यांतील बहुतेक वेग स्लायफर यांनी मोजलेले असूनही निबंधात त्यांचे श्रेय नोंदलेले नाही. मिल्टन ह्यूमासन यांच्यासह हबल यांनी १९३१ मध्ये ही आकृती सु. १० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत वाढविली. तीमध्ये १९२९ चे सर्व बिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात सामावले. पण रेषा सरळच राहिली. या नियमास हबल–लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये केली.

वयाचा प्रश्न : रेषेचा चढ दर दशलक्ष पार्सेकला सेकंदास सु. ५०० किमी. आला होता. प्रसरणाची गती मागे मोजत नेली असता यावरून विश्वाचे वय सु. २०० कोटी वर्षे येते. किरणोत्सर्गी पद्धतीने खडकांचे वय मात्र याहून अधिक येऊ लागले. विश्वाहून पृथ्वी जुनी, ही विसंगती १९४८ मध्ये हर्मान बाँडी, टॉमस गोल्ड व फ्रेड हॉइल यांनी मांडलेल्या स्थिरस्थिती सिद्धांतामागील एक कारण होती. पुढे या सिद्धांतावर हॉइल यांच्यासह कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर यांनी महत्त्वाचे कार्य केले.

दोष वेगांत नसून अंतरांत होता. सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार असल्याचे दाखवून वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दीर्घिकांची अंतरे दुप्पट केली. दूरच्या दीर्घिकांत हबल यांनी तेजस्वी तारे मानलेले काही बिंदू प्रत्यक्षात तप्त हायड्रोजन वायूचे प्रदेश आहेत, हे ॲलन सँडेज यांनी दाखविले व १९५८ मध्ये स्थिरांकाचे मूल्य सु. ७५ दिले. सर्व अंतरे एकाच प्रमाणात चुकली तर बिंदू सरळ रेषेतच राहतात, फक्त तिचा चढ बदलतो. त्यामुळे आलेखाच्या नीटस स्वरूपावरून ही चूक ओळखता येण्यासारखी नव्हती. ती ताऱ्यांच्या स्वतंत्र अभ्यासातूनच उघड झाली.

नंतरचे संशोधन : १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी विशिष्ट प्रकारच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या साहाय्याने हा आलेख अब्जावधी प्रकाशवर्षांपर्यंत नेला. गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण मंदावत असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दूरचे नवतारे अपेक्षेपेक्षा अंधुक, म्हणजे अधिक दूर आढळले. प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा निष्कर्ष त्यावरून निघाला. या शोधासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांना २०११ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. या वाढीचे कारण म्हणून कृष्ण ऊर्जा कल्पिली असून तिचे स्वरूप उलगडलेले नाही.

विश्वाचे वय आता सु. १,३८० कोटी वर्षे मानतात. तरीही सेफीड व नवतारे यांवरून स्थिरांक सु. ७३ येतो, तर विश्वाच्या प्रारंभकाळातील सूक्ष्मतरंग प्रारणाच्या प्लँक उपग्रहाने केलेल्या वेधांवरून सु. ६७ येतो. हा फरक मापनातील दोषाचा, की भौतिकीच्या एखाद्या अज्ञात नियमाचा द्योतक, याविषयी मतभेद आहेत. १९२९ च्या आकृतीतील चढाचा दोष अंतरमापनात सापडला होता. म्हणून या वेळीही प्रथम अंतरांच्या प्रत्येक पायरीची फेरतपासणी केली जात आहे.