रोमक वीरांचीं ताम्रमुद्रित चित्रें व नंदुरबारचा मार्ग

ताम्रपट म्हटला म्हणजे दानशासन आमच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तेथें कोरलेलें तांबें हाच लेख. युरोपांत पंधराव्या शतकापासून तांब्याचा निराळाही उपयोग होऊं लागला. पत्र्यावर चित्र उलटें कोरावयाचें, रेघांत शाई भरावयाची व ओला कागद त्यावर दाबावयाचा. तांबें घरीं राही. कागद देशोदेशीं जाई. असे कागद आमच्या खानदेशांतून गेले काय, हा प्रस्तुत प्रश्न आहे.

या कलेंतील एक प्रसिद्ध माला म्हणजे हेन्ड्रिक गोल्त्झियुस (१५५८–१६१७) यानें हार्लेम येथें १५८६ त कोरलेले रोमक वीर. माला दहा चित्रांची असून सम्राट् दुसरा रुडॉल्फ यास अर्पिलेली आहे. आठ चित्रांत एकेक वीर पुढें भव्य उभा, त्याचा पराक्रम मागें लहान आकारांत व तळाशीं लॅटिन पद्य. पूल अडविणारा होराशियस, घोड्यासह भूविवरांत उडी घेणारा कूर्तियस, शत्रूपुढें उजवा हात अग्नींत धरणारा म्यूकियस हे त्यांपैकीं होत. दधीचि-शिबींच्या कथा जाणणाऱ्या आम्हांस हे परके वाटत नाहींत. विशेष हें कीं, खुद्द गोल्त्झियुसचा उजवा हात बालपणीं विस्तवांत भाजून अधू झाला होता.

वलंदेज व्यापारी अशीं चित्रें पूर्वेकडे नेत, यास पुरावा आहे. चीनच्या शोधांत निघून १५९६ त नोवाया झेम्ल्याच्या बर्फांत अडकलेल्या वलंदेजांचें घर १८७१ त सांपडलें. तेथील गोठलेल्या गठ्ठ्यांत गोल्त्झियुसचीं चित्रें निघालीं. मोगल दरबारींही या कलेचा आदर होता. अबुल हसननें १६०० त ड्यूररच्या १५११ च्या चित्रांतील संत योहानाची नक्कल केली. ती ऑक्सफर्ड येथें आहे.

आतां मार्ग पाहूं. १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें असलेलें नंदुरबार हें सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरील जुनें गांव. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरांत याच वाटेनें जहांगिराकडे गेला. पुढल्या वर्षीं त्याच्या एका चित्राच्या नकला बादशाही चिताऱ्यानें इतक्या हुबेहूब केल्या कीं, मूळ ओळखणें त्यास कठीण गेलें.

मार्ग सिद्ध, आदर सिद्ध. तथापि एवढ्यावरून रोमक वीर नंदुरबारवरून गेले असें म्हणणें हें अनुमान होय, प्रमाण नव्हे. प्रमाण कागदच देईल. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, जुन्या बाडांत एखादा चिलखती फिरंगी आढळल्यास त्यास घाईनें शिकंदर ठरवूं नये, आणि चौकटींत बसविण्यासाठीं कागदाच्या कडा कातरूं नयेत. वीराची ओळख बहुधा तळच्या ओळींतच असते. ती गेली म्हणजे चित्र उरतें, इतिहासाचें साधन उरत नाहीं.