कमळाचा रंग आणि पुंडलिकाचे नाव

कमळे किती रंगांची, असे आज कोणा मराठी मनुष्यास विचारले तर तो तांबडे कमळ, पांढरे कमळ, निळे कमळ असे म्हणेल. मूळ नाम एकच ठेवून रंगाचे विशेषण तेवढे तो बदलील. आपल्या पूर्वजांची रीत ह्याहून निराळी होती. अमरकोशाचा वारिवर्ग वाचकांनी काढून पाहावा. तेथे श्वेत कमळास पुंडरीक, रक्तास कोकनद, निळ्यास इंदीवर आणि शुभ्र उत्पलास कुमुद व कैरव अशी स्वतंत्र नावे आढळतात. रंग हा तेथे फुलावर चढविलेला पोशाख नसून नावातच मुरलेला गुण आहे. ही नावे बोलीतून गेली, तेव्हा त्यांच्याशी निगडित असलेले अर्थही विखुरले. तथापि त्यांतील एक नाव आमच्या हिंगोलीच्या मुलुखात अजून रोज उच्चारले जाते. ते फुलाचे आहे हे मात्र उच्चारणाऱ्यास ठाऊक नसते. त्या एका नावासाठीच हा लेख आहे.

प्रथम रंगांचा अर्थ थोडक्यात पाहू. रक्तकमळ हे उगवत्या सूर्याचे, वैभवाचे आणि मांगल्याचे फूल होय. श्रीसूक्तात लक्ष्मीस पद्मवर्णा म्हटले आहे आणि सूर्याच्या मूर्तीच्या दोन्ही हातांत कमळेच असतात. श्वेत कमळ ज्ञानाचे व निर्मळतेचे. सरस्वती त्यावर बसते, आणि बौद्धांच्या महायान पंथातील एका प्रमुख सूत्रास सद्धर्मपुंडरीक हेच नाव आहे. चिखलात उगवून चिखलाचा डाग न लागलेला धर्म, हा त्या नावाचा आशय. निळ्याची गोष्ट जरा गमतीची आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निळे कमळ म्हणून काही नाहीच! खऱ्या कमळाचे पान पाण्याच्या वर उचललेले, अखंड वर्तुळाकार असते आणि त्यावर पाणी ठरत नाही; आपल्या देशातील त्याची फुले पांढरी अथवा गुलाबी-तांबूस असतात. आपण ज्यास नीलकमल म्हणतो ते कुमुदाच्या कुळातील. त्याचे पान पाण्यावर तरंगते आणि त्यास देठापाशी खाच असते. संस्कृत कवींनी सुंदर नेत्रास उपमा दिली ती ह्या इंदीवराची. कोशकारांनी पद्म आणि उत्पल हे दोन शब्द वेगळे राखले ते उगीच नव्हे. दोहोंस सरसकट कमळ म्हणण्याचा आळस आपला आहे.

आता आमच्या जिल्ह्यातील दगडांकडे वळू. औंढ्याचे नागनाथाचे देवालय यादवकालीन म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा वरचा भाग मागाहून बांधलेला आहे, परंतु खालच्या भिंतींवरील जुने शिल्पकाम पाहणाऱ्यास अद्याप खिळवून ठेवते. ह्या काळातील देवालयांत विष्णूच्या हाती पद्म हटकून असते. केशव, नारायण, माधव आदि चोवीस मूर्तींतील भेद शंख, चक्र, गदा व पद्म कोणत्या हातात आहे एवढ्यावरून ठरतो. पद्माचा रंग कोणता, हे पाषाण सांगू शकत नाही आणि मूर्तिशास्त्र तेथे विचारीतही नाही. जैनांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. औंढ्याच्याच तालुक्यात शिरड शहापूर येथे मल्लिनाथांचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. मल्लिनाथांचे लांछन कलश असल्याने तेथे अडचण पडत नाही. पण सहावे तीर्थंकर पद्मप्रभ ह्यांचे लांछन रक्तकमळ आणि एकविसावे नमिनाथ ह्यांचे नीलकमळ. पाषाणात हे दोन रंग दाखवावे कसे? शिल्पी पद्माच्या पाकळ्या रुंद व उमललेल्या काढतो आणि उत्पलाच्या अरुंद व मिटत्या. रंगाचे काम असे आकाराकडून करून घ्यावे लागते, आणि जेथे शिल्पी निष्काळजी असेल तेथे पाहणारा फसतो.

रंगच पाहावयाचा असेल तर जिल्ह्याच्या उत्तरेचे वाशीम आठवावे. ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय. ह्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव ह्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे अर्पण केले, आणि पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीही त्याच काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, रंगविला गेला असे विद्वान मानतात. त्याच्या हातातील फूल नीलोत्पल म्हणून ओळखले जाते. अजिंठ्याचे बहुतेक रंग जवळच्या माती-दगडांचे आहेत. केवळ निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दूर वायव्येहून आणावा लागे. तळ्यात फुकट उगवणारे फूल भिंतीवर उगविण्यास इतका खर्च पडावा, ह्यावरून त्या निळ्याचे मोल काय होते ते कळते.

परंतु वाकाटकांचे निळे फूल भिंतीवरच राहिले. लोकांच्या मुखी राहिले ते पांढरे. त्यासाठी हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी नरसीस जावे लागते. नामदेवांचा जन्म परंपरेने शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० मध्ये धरतात आणि नरसी बामणी हे त्यांचे जन्मग्राम मानले जाते. कित्येकजण पंढरपूरचे नाव घेतात. नरसीचा मान त्यामुळे कमी होत नाही. नामदेवांनी आयुष्यभर ज्या क्षेत्राची कास धरली त्याच्या नावांचा इतिहास मात्र पाहण्याजोगा आहे. १२३७ मध्ये होयसळ सोमेश्वराच्या काळी कोरलेल्या पंढरपूरच्या शिलालेखात भीमरथीच्या तीरावरील गावाचे नाव पंडरगे असे आहे आणि पुंडरीक मुनीचा उल्लेख आहे. १२४९ च्या एका यादव ताम्रपटात त्याच स्थळास पौंडरीक क्षेत्र म्हटले आहे. पुढे १२७० मध्ये, म्हणजे परंपरेने नामदेव जन्मले त्याच वर्षी, भानू नामक कोणी आप्तोर्याम यज्ञ केल्याची नोंद करणारा लेख गावास पांडुरंगपूर म्हणतो. ह्या लेखांकडे रा. गो. भांडारकरांनी पूर्वीच लक्ष वेधले आहे.

ह्या तीन नावांची संगती काय? पंडरगे हे मूळचे कानडी नाव असावे व पांडुरंग हे त्याचे संस्कृत रूप, असे मत अनेकांनी मांडले आहे. ते खरे धरले तरी संस्कृत रूप बनविणाऱ्यांनी निवडलेला शब्द पांढऱ्या रंगाचा आहे हे विसरता येत नाही. पौंडरीकातही तोच रंग. देव काळा, आणि नाव पांढरे! पांडुरंग हे मुळात शिवाचे नाव, असे म्हणणारा एक पक्ष आहे; भस्म फासलेल्या देवास ते शोभतेही. चंद्रभागेच्या पात्रातील पुंडलिकाच्या देवळात पूजिले जाते तेही शिवलिंगच. औंढ्याच्या देवळात लिंगावर पाय टेकून निजलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांचा गर्व घालविला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. विष्णुभक्ताने शिवालयात गुरू करावा, ह्यात त्या मंडळींस काही विपरीत वाटत नव्हते.

पुंडरीकाचा पुंडलीक झाला तो र आणि ल ह्यांच्या सामान्य अदलाबदलीने. हरिद्रेची हळद होते आणि चत्वारिंशत् चे चाळीस होते, त्याच घराण्यातला हा फरक. ह्यावरून पुंडलीक नावाचा मनुष्य कधी झालाच नाही, फुलाच्या नावावरून कथा रचली गेली, असे अनुमान काढण्याचा मोह अनेकांस होतो. आम्ही त्या पक्षाचे नाही. नामदेवांच्या जन्मापूर्वी तेहेतीस वर्षे दगडात मुनी म्हणून कोरलेले नाव केवळ शब्दाचा भास म्हणून उडवून देणे हे धाडसाचे आहे. उलटपक्षी ते नाव फुलाचे आहे हे विसरणेही बरोबर नव्हे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात हृदयास लहानसे पुंडरीक गृह म्हटले आहे. विष्णुसहस्रनामातील पुंडरीकाक्ष ह्या नामाचा अर्थ करताना शंकराचार्यांसही तेच हृदयकमळ आठवले. तेव्हा आईबापांची सेवा करता करता मागे विटेवर देवास तिष्ठत ठेवणाऱ्या भक्ताचे नाव पुंडरीक असावे, हे त्या काळच्या श्रोत्यास नुसते योगायोगाचे वाटले नसावे. निर्मळ हृदयाच्या दारी देव थांबतो, एवढे त्यास व्याख्यानावाचून कळत असे. आम्हांस ते कळण्यास कोश उघडावा लागतो.

नामदेव पुढे उत्तरेस गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्या पदांत बीठल हे नाव येते, आणि त्या नात्याने नरसीस आता गुरुद्वाराही आहे.

पौंडरीक क्षेत्रात विठोबास प्रिय मानली ती तुळस. नरसीच्या वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीचीच माळ असते. कोकनद कोणते, इंदीवर कोणते हे त्यास सांगता येणार नाही. पण तो कीर्तनास उभा राहिला म्हणजे देवाच्या नावाआधी पुंडलिकाचे नाव घेतो आणि मग टाळ वाजू लागतात.