समुपदेशकाचे काम कोण तपासते?

घरातल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करताना आपण बरेच प्रश्न विचारतो. डॉक्टर रोज येतात का, गोळ्या कोणत्या देणार, जेवण कसे असते, किती दिवस ठेवावे लागेल, खर्च किती येईल? पण पेशंटशी ज्याचे सर्वांत जास्त बोलणे होणार असते, त्या समुपदेशकाबद्दल फारसे कुणी विचारत नाही. त्याचे काम कोण तपासते, हा प्रश्न तर सहसा कुणाच्या मनातही येत नाही.

ऑपरेशन शिकणारा डॉक्टर वरिष्ठ सर्जनच्या डोळ्यांसमोर शिकतो. त्याचा हात चुकला तर तिथल्या तिथे कळते. समुपदेशन मात्र बंद दाराआड, दोन माणसांत चालते. समुपदेशकाने पेशंटला समजून घेतले की नुसते फैलावर घेतले, हे बाहेर कुणाला दिसत नाही. पुढे पेशंट पुन्हा पिऊ लागला की घरचे म्हणतात, "समुपदेशन करून झाले, यालाच सुधारायचे नाही." दोष पेशंटच्या माथी बसतो. बोलणे कसे झाले होते, याची चौकशी होत नाही.

ती चौकशी नियमितपणे करण्याच्या पद्धतीला 'क्लिनिकल सुपरव्हिजन' म्हणतात. यात हजेरी घेणे किंवा रजिस्टर तपासणे अपेक्षित नाही. अनुभवी वरिष्ठाने समुपदेशकाबरोबर ठरावीक वेळी बसायचे, त्याच्या पेशंटवर चर्चा करायची, शक्य तर त्याचे प्रत्यक्ष बोलणे ऐकायचे आणि काय जमले, काय निसटले ते सांगायचे. पेशंटचे नुकसान होऊ नये आणि समुपदेशक शिकत राहावा, हे त्याचे दोन हेतू. ही पद्धत व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात बरीच उशिरा आली. ती का आली, हे कळले की तुम्हाला तुमचे प्रश्नही सापडतील.

सुरुवात बर्लिनमध्ये

१९२० साली बर्लिनमध्ये मॅक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना सुरू केला. तिथे शिकाऊ विश्लेषक पेशंट पाहत आणि त्या उपचाराचा तपशील वरिष्ठांना सांगत. पुढच्या काही वर्षांत ही गोष्ट प्रशिक्षणाचा आवश्यक भाग ठरली. पुस्तके वाचून किंवा स्वतः उपचार घेऊन दुसऱ्यावर उपचार करता येतातच असे नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व होते. मानसोपचार आणि समाजकार्य या क्षेत्रांत ते रुजले. दारू सोडवण्याचे काम मात्र तेव्हा वेगळ्याच माणसांच्या हाती होते.

'मी सोडली, तूही सोडशील'

अमेरिकेत बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १९०६ पासून डॉक्टर आणि धर्मगुरू मिळून मनाचे आजार असलेल्यांना मदत करत. तिथे उपचार घेऊन दारू सुटलेले कोर्टने बेलर हे पुढे स्वतःच इतर मद्यपींवर उपचार करू लागले. ते डॉक्टर नव्हते. स्वतःचा अनुभव हीच त्यांची पदवी.

१९३५ साली ओहायोतील अ‍ॅक्रन गावात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाली. एका मद्यपीने दुसऱ्याला मदत करायची, हा तिचा पाया. इथला आधार देणारा सभासद म्हणजे 'स्पॉन्सर'. तो मोबदला घेत नाही आणि उपचारही करत नाही. हे नाते बरोबरीचे असते.

मग १९५० च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील विल्मर सरकारी रुग्णालयात डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅन अँडरसन यांनी एक धाडस केले. दारू सोडलेल्या माणसांना त्यांनी डॉक्टर आणि नर्सबरोबर उपचाराच्या टीममध्ये पगारी जागा दिली. हेझल्डन या संस्थेतही हीच पद्धत वाढली आणि 'मिनेसोटा मॉडेल' म्हणून जगभर गेली. आपल्याला ती नवी नाही. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर आलेली माणसे समुपदेशक म्हणून काम करत आली आहेत. "तुला काय कळणार माझे दुःख?" असे त्यांना म्हणता येत नाही, हे त्यांचे मोठे बळ.

पण इथेच एक अडचणही आहे. स्वतःची दारू ज्या वाटेने सुटली, तीच वाट सर्वांची, असे वाटण्याचा धोका असतो. समोरच्या पेशंटच्या जागी आपलेच जुने रूप दिसू लागते. पेशंट घसरला की समुपदेशकाला तो स्वतःचाच पराभव वाटतो आणि त्याची चीड पेशंटवर निघते. बाहेरचे कुणी ऐकत नसेल, तर हे त्याचे त्याला कळत नाही.

देखरेख नसली की काय होते

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील सिनानॉन. चार्ल्स डेडरिक या दारू सोडलेल्या माणसाने १९५८ मध्ये ती सुरू केली. हेरॉइनच्या व्यसनींना तिथे आसरा मिळाला आणि सुरुवातीला तिचे खूप कौतुक झाले. तिथला मुख्य उपचार 'गेम' या नावाने ओळखला जाई. गोल करून बसायचे आणि एकेकाला शब्दांनी सोलून काढायचे. संस्थापकाला थांबवणारे वरती कुणीच नव्हते. हळूहळू संस्थेचा बंदिस्त पंथ झाला. १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत तिच्या दोन सभासदांनी विषारी साप ठेवला. साप चावला, पण वकील वाचले. १९९१ मध्ये संस्था बंद पडली.

सिनानॉन बंद झाली, तरी व्यसनी माणसाला अपमान करून, ओरडून, 'मोडून' सरळ करता येते ही समजूत मात्र अनेक केंद्रांत पुढेही टिकून राहिली. आपल्याकडेही ती अधूनमधून दिसते.

समुपदेशक बदलला की निकाल बदलतो

१९७० च्या अखेरीस अमेरिकेत मद्यपाशाच्या उपचारासाठी केंद्र सरकारचा पैसा देणारा कायदा झाला. तो मांडणारे सिनेटर हॅरल्ड ह्यूज स्वतः दारूतून बाहेर पडलेले होते. केंद्रे वाढली, समुपदेशक हजारोंनी लागले, त्यांच्यासाठी परीक्षा आणि प्रमाणपत्रे आली. आता खरा प्रश्न पुढे आला. सर्वांनी एकच पद्धत शिकली, तर सर्वांचा गुण सारखाच येतो का?

१९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक एकच उपचारपद्धती शिकलेले होते. त्यांचे काम पाहणाऱ्या वरिष्ठांनी, कोण पेशंटला किती समजून घेतो, याचा क्रम लावला होता. सहा महिन्यांनी दिसले की त्या क्रमात वर असलेल्यांच्या पेशंटचे पिणे जास्त कमी झाले होते.

१९८८ मध्ये फिलाडेल्फियातून आणखी एक अभ्यास आला. मेथाडोन देणाऱ्या एका केंद्रातील समुपदेशकांनी राजीनामे दिले, तेव्हा त्यांचे ६२ पेशंट उरलेल्या चौघांकडे वाटून दिले गेले. केंद्र तेच, औषध तेच, पेशंट त्याच प्रकारचे. तरीही एका समुपदेशकाचे पेशंट सुधारले, तर दुसऱ्याचे ढासळले.

म्हणजे 'समुपदेशन झाले' एवढे म्हणून भागत नाही. कुणी केले आणि कसे केले, यावर पेशंटचे पुढचे आयुष्य ठरू शकते.

आपले आपल्याला कळत नाही

मग चांगले प्रशिक्षण दिले की झाले, असे तुम्ही म्हणाल. मिलर यांनी तेही तपासले. पेशंटला न झापता त्याच्याच तोंडून बदलाची कारणे काढणारी 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ही पद्धत त्यांनी १९८३ मध्ये मांडली होती. २००४ च्या अभ्यासात त्यांनी व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० जणांना ती शिकवण्याचे वेगवेगळे मार्ग ताडून पाहिले. कार्यशाळेनंतर ज्यांच्या संभाषणाच्या टेप ऐकून अभिप्राय दिला गेला किंवा ज्यांना पुढेही मार्गदर्शन मिळाले, त्यांचे कौशल्य अधिक वाढले. आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 'मला हे किती जमते' याबद्दल समुपदेशकांचे स्वतःचे मत आणि टेपवर ऐकू आलेले त्यांचे कौशल्य यांचा मेळच बसत नव्हता.

हा कुणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला की आपण दचकतो, तसेच हे आहे. स्वतःचे काम ऐकायला दुसरे कान लागतात.

डेव्हिड पॉवेल यांनी १९९३ मध्ये या क्षेत्रातील सुपरव्हिजनवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने या विषयावर सविस्तर मार्गदर्शिका काढली. पेशंटबरोबरच्या २० ते ४० तासांच्या कामामागे निदान एक तास सुपरव्हिजन असावे, असा ढोबळ हिशेब तिने दिला. समुपदेशकाच्या सांगण्यावर विसंबू नका, प्रत्यक्ष काम पाहा किंवा ऐका, यावर तिचा भर आहे. अर्थात, त्यासाठी पेशंटची संमती हवीच.

गोव्याचा धडा

"आपल्याकडे एवढे तज्ज्ञ कुठून आणायचे?" या प्रश्नाला गोव्याने उत्तर दिले. 'संगत' या संस्थेने गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशक हे मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेले स्थानिक लोक होते. पेशंटला भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष घातक पिण्यातून बाहेर होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

या यशामागे सुपरव्हिजनची घट्ट घडी होती. समुपदेशक नियमितपणे एकत्र बसत, एकमेकांच्या भेटींचे रेकॉर्डिंग ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. सरावाने त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या दवाखान्यात जे वरिष्ठ करत, ते इथे सहकारी एकमेकांसाठी करत होते.

तुम्ही काय विचाराल?

केंद्र निवडताना हे प्रश्न जरूर विचारा:

- समुपदेशकाच्या कामावर चर्चा करणारे वरिष्ठ कोण आहेत? ते किती दिवसांनी बसतात?
- ते समुपदेशकाचे बोलणे कधी प्रत्यक्ष ऐकतात का?
- समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेला असेल, तर त्याचा स्वतःचा आधार कोण?
- पेशंटचे आणि समुपदेशकाचे जुळले नाही, तर बदलून मिळेल का?
- पेशंटला अपमानास्पद वागणूक मिळाली, तर तक्रार कुणाकडे करायची?

चांगल्या केंद्राला या प्रश्नांचा राग येणार नाही, उलट बरे वाटेल. आणि पहिल्या प्रयत्नात तुमच्या माणसाची दारू सुटली नसेल, तर 'याला सुधारायचेच नाही' असा शिक्का मारण्याआधी थांबा. दुसऱ्या समुपदेशकाबरोबर त्याचा निकाल वेगळा लागू शकतो. त्याला ती संधी द्या.