स्नेहगोष्ठीतील जादू : हस्तलाघव ते हातचलाखी

१

चार स्नेही एकत्र बसले असता त्यांपैकी एकाने दुसऱ्याकडून एक रुपया मागून घ्यावा, मूठ मिटावी, तीवर फुंकर घालावी आणि मूठ उघडून ती रिकामी असल्याचे दाखवावे, एवढाच ज्याचा विस्तार त्या खेळालाही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जादूचा इतिहास म्हणून जो लिहिला जातो तो बहुधा रंगमंचाचा असतो. पेटाऱ्यातून नाहीशी होणारी स्त्री, झगमगीत पोशाख, पडदा आणि दीपयोजना हेच त्याचे विषय. प्रस्तुत निबंधात विचार करावयाचा आहे तो हातभर अंतरावरून पाहिल्या जाणाऱ्या लहान जादूचा. तिची लिखित साधने विरळ आहेत. परंतु भाषेने तिला वेळोवेळी दिलेली नावे शिल्लक आहेत. त्या नावांत समाजाने या कलेकडे आणि ती करणाऱ्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याची नोंद आहे.

मराठीतील या नावांचे तीन वर्ग पडतात. काही नावे चमत्काराचे कारण अलौकिक शक्तीत ठेवतात : इंद्रजाल, जादू, गारूड. एक नाव ते पाहणाराच्या डोळ्यांत ठेवते : नजरबंदी. आणि काही ते करणाराच्या हातात ठेवतात : हस्तलाघव, हातचलाखी. एकाच कृतीची ही तीन स्पष्टीकरणे होत. त्यांपैकी कोणते केव्हा व कोणाला लागू केले गेले, हा या निबंधाचा प्रश्न आहे.

२

वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तीत ऐंद्रजाल व हस्तलाघव या दोन निराळ्या कला म्हणून येतात. दोहोंमध्ये कौचुमार योग आहेत आणि हस्तलाघवाच्या लगेच पुढे शाका-यूषांची पाककला येते. हा क्रम सूचक आहे. यादीकाराच्या दृष्टीने हस्तलाघव ही मंत्रविद्येची शाखा नव्हे. स्वयंपाक, शिवणकाम यांसारखे ते हाताचे कौशल्य आहे. साधारणतः तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'जयमंगला' टीकेत यशोधराने या शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत : वेळ वाया जाऊ नये म्हणून सर्व कामांत हात हलका असणे, आणि क्रीडेसाठी व विस्मयासाठी वस्तूंच्या बाबतीत दाखविलेली हाताची चपळाई. दुसरा अर्थ म्हणजे आपल्या विषयाची जवळजवळ व्याख्याच होय.

ही कला दाखविण्याचे स्थळही त्याच ग्रंथात सापडते. नागरकाच्या दिनचर्येत 'गोष्ठी'चे वर्णन आहे : विद्या, बुद्धी, शील, वित्त आणि वय यांनी समान असलेल्या माणसांनी गणिकेच्या घरी, सभेत किंवा आपल्यापैकी एखाद्याच्या निवासस्थानी एकत्र बसून केलेला संवाद. तेथे काव्याप्रमाणे कलांचीही चर्चा चाले. मराठीतील 'गोष्ट' हा शब्द या 'गोष्ठी'चाच वंशज आहे. बैठक मागे पडली आणि बैठकीत जे सांगितले जाई त्याला तिचे नाव मिळाले.

फ्रेंच भाषेत या कौशल्यासाठी 'हाताने हलका' अशा अर्थाचा 'लेजे द मॅं' हा शब्दप्रयोग आहे, व त्यावरून इंग्रजीत 'लेजरडिमेन' हा शब्द आला. संस्कृत 'हस्तलाघव' आणि हा शब्द यांची घडण एकच आहे. ही उसनवारी नव्हे. दोन दूरच्या समाजांनी एकाच गोष्टीचे बारकाईने निरीक्षण केल्याचा हा पुरावा आहे. खेळात हात जलद असावा लागतो असा सामान्य समज आहे. या दोन्ही शब्दांनी मात्र वेग सांगितला नाही, हलकेपणा सांगितला. आणि तेच यथार्थ आहे. नाणे उजव्या हातातून डाव्या हातात दिल्याचा आभास करताना ते उजव्या तळव्यातच, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागाने धरून ठेवावयाचे असते. येथे घाई केल्यास संशय येतो. हात सैल, स्वाभाविक आणि भाररहित दिसला पाहिजे. शिवाय करणाराने स्वतः रिकाम्या डाव्या मुठीकडे पाहावे लागते, कारण तो जेथे पाहतो तेथेच सर्व पाहतात. 'नजरबंदी' या शब्दातील मंत्राची कल्पना वगळली, तर तो शब्द येथे शब्दशः खरा ठरतो. नजर खरोखरच बांधली जाते, पण नजरेनेच.

३

'गारूड' शब्दाचा प्रवास निराळा आहे. संस्कृत 'गारुड' म्हणजे गरुडासंबंधीचे, विशेषतः सर्पविष उतरविणारे मंत्र. ते जाणणारा गारुडिक. त्यापासून मराठी 'गारुडी'. विष उतरविणारा, साप खेळविणारा आणि हातचलाखीचे खेळ करणारा हे तिघे या एका नावात सामावले. सोळाव्या शतकात एकनाथांनी आपल्या भारुडांत ज्या लोकपात्रांना बोलते केले त्यांत गारुडीही आहे. आपला खेळ पाहणाऱ्या श्रोत्यांना हे पात्र पूर्ण परिचयाचे असल्याशिवाय त्यावर आध्यात्मिक रूपक उभारणे शक्य झाले नसते.

'जादू' हा शब्द फारसीतून आला. त्याचे मूळ अवेस्ता भाषेतील 'यातु' या शब्दापर्यंत जाते आणि वैदिक 'यातु', 'यातुधान' हे त्याचे सगोत्र होत. म्हणजे जो शब्द आपण परका मानतो तो एका जुन्या नातलगाचेच परत येणे आहे. अर्थ मात्र दोन्हीकडे अभिचाराचा, भयाचा.

गारुड्याच्या खेळांत वाट्या व गोळ्यांचा खेळ प्रमुख. भारतीय पद्धतीच्या वाट्या लाकडी, उथळ आणि माथ्यावर बोंड असलेल्या असतात. बोंड दोन बोटांत धरून वाटी उचलावयाची. त्याच हाताच्या बोटांच्या बेचक्यात दडविलेली गोळी वाटी टेकविताना तिच्याखाली जाते. खेळ करणारा जमिनीवर बसलेला, प्रेक्षक भोवती उभे. त्याला पडदा नाही, पाठीशी भिंत नाही, कित्येकदा अंगात बाह्यांचा सदराही नाही. रंगमंचावरील जादूगारास जी साधने मिळतात त्यांपैकी एकही न घेता तो हे करतो. परिस्थितीच्या दृष्टीने पाहिले तर गारुड्याचे रिंगण आणि स्नेह्यांची गोष्ठी ही सख्खी भावंडे आहेत. भेद आहे तो फक्त प्रतिष्ठेचा.

वाट्यांचा खेळ रोमनांनाही ठाऊक होता. सेनेका आपल्या पंचेचाळिसाव्या पत्रात त्याचा उल्लेख करून म्हणतो की, या फसवणुकीतच मौज आहे आणि युक्ती कळली की गोडी जाते. फसवणूक निरुपद्रवी केव्हा असते, या प्रश्नाचे ते एक जुने उत्तर आहे : जेव्हा दोन्ही पक्षांना ती फसवणूक असल्याचे ठाऊक असते तेव्हा.

४

विसाव्या शतकात ही कला सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात व नाट्यगृहात शिरली. बंगालचे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी आपल्या भव्य प्रयोगांस 'इंद्रजाल' हे प्राचीन नाव दिले. पुण्याचे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) हे 'जादूगार रघुवीर' म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले आणि त्यांच्या घराण्यात ही कला पुढील पिढ्यांनी चालविली. 'जादूगार' हे आदराचे बिरूद झाले.

उपकरणेही बदलली. गोळीच्या जागी नाणे, पत्ता व नोट आली. नाशिक रोड येथे १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. या गावच्या वाचकास आणखी एक गोष्ट सहज पटेल. नोटेवरील क्रमांक हा छापणाराच्या दृष्टीने बनावटीविरुद्धचा बंदोबस्त आहे; गोष्ठीतील जादूगाराच्या दृष्टीने तो साक्षीदार आहे. स्नेह्याची नोट घ्यावी, क्रमांक सर्वांसमक्ष वाचून घ्यावा, ती नाहीशी करावी आणि लिंबाच्या पोटातून काढून द्यावी. ती 'तीच' नोट आहे हे क्रमांकानेच सिद्ध होते. ज्या वस्तूवर सर्वांचा पूर्ण विश्वास आहे, तीच विस्मयाला आधार देते.

याच शतकात रस्त्यावरील गारुड्याचे स्थान मात्र खचत गेले. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने भिकेची जी व्याख्या केली, तीत गाणे, नाच, भविष्यकथन किंवा खेळ करून दाखविणे या निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी दान मागणे किंवा घेणे याचाही समावेश झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने सापाचा खेळ बेकायदा ठरविला. सापांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण पहिल्या कायद्याने कला आणि याचना यांतील रेषा पुसली. तीच युक्ती नाट्यगृहात तिकीट लावून केली तर 'प्रयोग', आणि रस्त्यावर फडके पसरून केली तर 'भीक'.

भाषेने हा निकाल आपल्या परीने नोंदविला आहे. 'गारूड' शब्द वर चढला. एखाद्या गायकाच्या आवाजाचे, कवीच्या शब्दांचे 'गारूड' आपण गौरवाने बोलतो. 'गारुडी' मात्र कोणी कोणास गौरवाने म्हणत नाही. 'हातचलाखी'तील 'चलाख' शब्दाचे फारसी मूळ 'चालाक', म्हणजे चपळ. आज वृत्तपत्रांत हा शब्द बहुधा दागिने लंपास केल्याच्या बातमीत आढळतो. हस्तलाघवाच्या या मराठी भावंडाला चोरीच्या रकान्यात जागा मिळावी, ही केवळ अर्थच्युती नव्हे. कलावंताला समाजातून काढून लावले की त्याच्या कलेचे नावही निराश्रित होते.

५

या शब्दाला त्याचे जुने मोल परत देण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तो अनपेक्षित दिशेने. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांतून व गावांतून चमत्कारांची प्रात्यक्षिके केली. हवेतून भस्म काढून दाखवावयाचे, आणि मग भस्माची आवळलेली गोळी बोटांच्या बेचक्यात कशी धरली होती तेही दाखवावयाचे. इंग्लंडमध्ये रेजिनल्ड स्कॉटने १५८४ साली चेटकिणींच्या छळाविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात हातचलाखीच्या युक्त्या उघड केल्या होत्या, त्याचाच हा सजातीय मार्ग. येथे सेनेकाची मौज मुद्दाम सोडून दिली जाते, कारण दुसऱ्या पक्षाला फसवणूक ठाऊक नसते. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे हा गुन्हा ठरविला.

भस्माची गोळी, वाटीखालची गोळी आणि तळव्यातील रुपया यांत हाताच्या दृष्टीने काहीच अंतर नाही. अंतर आहे ते नावात. करणारा त्याला सिद्धी म्हणतो, खेळ म्हणतो की काहीच न म्हणता दुसऱ्याचा दागिना खिशात घालतो, यावर ती कृती शोषण, कला की चोरी हे ठरते. वात्स्यायनाच्या यादीने इंद्रजाल आणि हस्तलाघव यांना वेगळे ठेवले, यातील विवेक हाच होता. स्नेह्यांच्या बैठकीत रुपया नाहीसा करणारा मनुष्य नकळत तो विवेक पाळतो. तो हसत हसत सांगतो की हे हाताचे काम आहे, आणि रुपया परत करतो. आपल्या कोशांत आणि व्यवहारात 'हातचलाखी' या शब्दाचा कौशल्य हा अर्थ पहिला राहावा, एवढी अपेक्षा भाषेच्या अभ्यासकाने करणे वावगे ठरू नये. आणि त्या कौशल्याचा दीर्घकाळचा रक्षक रस्त्यावरचा गारुडी होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.