मामांची किल्ली

मढला मामांकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती चालू करायची म्हणजे किल्ली पूर्ण आत घालायची, केसभर मागे ओढायची, किंचित वर उचलायची आणि मग फिरवायची. हे फक्त मामांनाच जमायचं. आम्ही विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्यात खुबी आहे." (खुबी फाटा तिथून जवळच, त्यामुळे या विनोदाला आमच्या घरात मरण नाही.) गेल्या पावसाळ्यात मामांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला आणि ती खुबीही गेली. गाडी अंगणात उभी.

मग मी शनिवार-रविवार कुलपांच्या इतिहासात घातला.

मूळ कल्पना फार जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी अडसराच्या भोकांत लाकडी खुंट्या पडायच्या आणि किल्लीने त्या उचलल्या की अडसर सरकायचा. १८६० च्या दशकात अमेरिकेत लायनस येल यांनी हेच तत्त्व धातूत आणून चपटी, दातेरी किल्ली रूढ केली. जुन्या मोटारींच्या कुलपांत खुंट्यांऐवजी बहुधा पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीला एक बारीक स्प्रिंग. किल्लीच्या दात्यांनी सगळ्या पत्र्या एका पातळीत आल्या तरच कुलूप फिरतं. म्हणजे किल्लीचं काम फक्त ओळख पटवण्याचं, आपल्या पासवर्डसारखं.

घोटाळा पुढे झाला. आधी बऱ्याच गाड्यांत किल्लीने नुसता विजेचा प्रवाह सुरू व्हायचा आणि स्टार्टरसाठी वेगळं बटण किंवा पायाखालची कळ असायची. १९४९ मध्ये क्रायसलरने किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करायची सोय आणली आणि हळूहळू सगळ्यांनी ती उचलली. सोय खरीच. पण आता किल्ली पासवर्डही झाली आणि मूठही. रोज स्टार्टरच्या स्प्रिंगविरुद्ध पिळायची, त्यात खाली घराच्या, गोठ्याच्या, पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा लोंबणार. दात्यांची टोकं गोल होतात, पत्र्याही घासतात. वर माळशेजच्या तोंडाशी चार महिने धुकं आणि पाऊस. बारीक स्प्रिंगा गंजतात. आणि मामांनी प्रेमाने घातलेलं इंजिन ऑइल धुळीत मिसळून आत चिखल. (तेल नको. शिसपेन्सिल किल्लीवर घासावी, ग्रॅफाइट कोरडं राहतं.)

नवं कुलूप आणावं, तर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० पासून घडवलेली ही गाडी २००० च्या सुमारास बंद झाली. मुंबईत २००३ मध्ये नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा वीस वर्षं भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मी पुण्यात एका दुकानातून दोनदा डुप्लिकेट करून घेतली. दोन्ही वेळा पैसे वाया. चूक माझीच म्हणायची. ते यंत्र जुन्या किल्लीवरून एक टोक फिरवतं आणि दुसऱ्या टोकाने तसंच कोरतं. म्हणजे झीजसुद्धा इमानदारीने उतरते, वर यंत्राची स्वतःची चूक. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक कॅसेट, असं आपण सगळ्यांनी केलंय. आवाज काय होतो ते माहीत आहे :-)

शेवटी ओतूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या किल्लीवाल्यांनी मामांची किल्ली पाहिलीसुद्धा नाही. "ही खोटं बोलती. कुलपालाच इचारू." गाडीपाशी आले, आतला चिखल रॉकेलने धुतला, कोऱ्या पट्टीला मेणबत्तीची काजळी धरली, आत घालून हलकेच पिळली. काजळीवर जिथे पत्र्यांच्या खुणा उठल्या, तिथे कानसीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा खुणा. अख्खा तास गेला. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण नुसत्या प्रतिसादावरून पासवर्ड काढणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

आता गाडी कुणाच्याही हाताने सुरू होते. फक्त मामा शेजारच्या सीटवरून डावा हात लांबवून किल्ली घालतात, सवयीने केसभर मागे ओढतात, आणि ती फिरत नाही.