चाळिशीनंतरचा बँड

गोदाकाठच्या शहागडहून आम्ही बोलतोय.

गेल्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि एकीनं विषय काढला. ग्रामसंघाच्या वार्षिक सभेला आपण पैसे देऊन बँजो पार्टी बोलावतो, यंदा आपणच वाजवलं तर? सगळ्या हसल्या. "चाळिशी ओलांडली, घरात सुना आल्या, आता कुठं बँड काढता?" असं एकजण म्हणाली. दुसरी हळूच बोलली, "गाणं म्हणू, पण ढोलकी हातात घेतली तर घरचे काय म्हणतील?" या दोन प्रश्नांसाठी आम्ही जरा इतिहास धुंडाळला.

गाणं तर आपलंच आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं उचलायची. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नदीपलीकडं, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. पुढं पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दोघींनी मिळून गायची जागाही गेली. आणि मृदंग, ढोलकी, हलगी, संबळ ही वाद्यं तर बहुतेक पुरुषांकडंच राहिली.

आता वयाचं बघू. १९५६ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये लॉनी डोनेगन या गायकामुळं 'स्किफल' नावाच्या गाण्यांची लाट आली. त्याला महाग वाद्यं लागत नसत. एखादी साधी गिटार, चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी, आणि घरात कपडे घासायची पन्हाळी पत्र्याची फळी. ती फळी बोटात शिवणाचं अंगुस्तान घालून वाजवायची. म्हणजे वाद्य निघालं ते बाईच्या धुण्याच्या जागेवरून!

लिव्हरपूल शहरात जॉन लेनन या पोरानं शाळेतल्या मित्रांना घेऊन 'क्वॉरीमेन' नावाचा असाच बँड काढला. त्याची आई ज्युलिया बँजो वाजवायची. सुरुवातीचे स्वर तिनंच त्याला शिकवले. ६ जुलै १९५७ ला या पोरांनी चर्चच्या जत्रेत वाजवलं. तिथंच लेननला पॉल मॅकार्टनी भेटला आणि पुढं जगप्रसिद्ध 'बीटल्स' बँड झाला. त्या वर्षी ज्युलिया ४३ वर्षांची होती. आमच्या गटातल्या बऱ्याचजणी तेवढ्याच आहेत.

मागं राहिलेले मित्र कामधंद्याला लागले. ड्रम वाजवणारा कॉलिन हँटन सोफ्या-खुर्च्यांना गाद्या आणि कापड बसवायचं काम करत राहिला. १९९७ मध्ये त्या जत्रेला ४० वर्षं झाली. पन्नाशी ओलांडलेले पाच जुने मित्र एकत्र आले आणि पुन्हा वाजवू लागले. आपल्या मुंबईतही १९८४ मध्ये सुरू झालेला 'रॉक मशीन' हा बँड पुढं 'इंडस क्रीड' झाला, १९९७ मध्ये विखुरला आणि २०१० मध्ये जुने सोबती पुन्हा जमले. वयाच्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळालं.

राहिला ढोलकीचा प्रश्न. बिहारमध्ये पाटण्याजवळ, दानापूर भागातल्या ढिबरा गावच्या दलित शेतमजूर बायांनी 'सरगम महिला बँड' काढला. पद्मश्री सुधा वर्गीस यांची 'नारी गुंजन' संस्था त्यांच्या पाठीशी होती. ढोल गळ्यात अडकवायला आधी घरातूनच विरोध झाला, गावानं चेष्टा केली. त्यांनी सराव सोडला नाही. मग लग्नकार्यांची बोलावणी येऊ लागली आणि वाजवण्याचे पैसे त्यांच्या हातात पडू लागले.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. मग चौघी मिळून त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. सासरे म्हणाले, "वाजवायचं तर घरात वाजवा, सभेत नको." ती पदर सावरून म्हणाली, "बरं मामंजी, मग सराव आपल्याच अंगणात होईल." ते काही बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, एवढं आम्ही धरून चाललो.

गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, असा ठराव इतिवृत्तात लिहिला. अकराजणी दर आठवड्याला २० रुपये वेगळे टाकतो. त्यातून एक जुनी ढोलकी आणि टाळांचे दोन जोड घेतलेत. गुरुवारी संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी, तासभर बसतो. ठेका अजून चुकतो. हात दुखतात. पण गेल्या गुरुवारी सासरे ओसरीवरून म्हणाले, "जरा सावकाश वाजवा, घाई होतेय." म्हणजे ऐकत होते!

सभेत काय होईल ते सांगूच. तुमच्या गटात कुणाला पेटी येत असेल, तर शहागडला यायला सांगा.